उपायांवर पोसलेलं जागरण

ज्या घरात एकाला झोप लागत नाही, त्या घरात उपायांचा तुटवडा कधीच नसतो. रात्री जायफळ उगाळून घातलेलं दूध. तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासणं. डोकं दक्षिणेला होतं ते पूर्वेला करणं. आधी संध्याकाळी सातनंतरचा चहा बंद, मग पाचनंतरचाही बंद. मोबाइलवर पावसाचा आवाज लावून ठेवणं. कुणी अश्वगंधा सांगतं, कुणी शंभरापासून उलटे आकडे मोजायला. शेजारच्या काकूंनी सांगितलेला उपाय आठवडाभर लागू पडतो, त्या आठवड्यात काकूंचा भाव वधारतो, आणि मग पुन्हा रात्री अडीचला डोळे टक्क उघडे.

यातले बरेचसे उपाय निरुपद्रवी आहेत, काही तर सुखाचेही आहेत. काशाच्या वाटीविरुद्ध बोलण्याची माझी हिंमत नाही. खरी गडबड करतात ते वेगळेच उपाय, ज्यांना आपण उपाय म्हणतही नाही, कारण ते अगदी शहाणपणाचे वाटतात. रात्री झोप झाली नाही म्हणून आज लवकर आडवं व्हायचं. रविवारी उशिरापर्यंत लोळून राहिलेली झोप काढायची. दुपारी तासभर पाठ टेकायची. झोप लागत नसली तरी डोळे मिटून पडून राहायचं, ‘निदान शरीराला तरी आराम’. जुनाट निद्रानाश याच शहाणपणावर वर्षानुवर्षं जगतो, आणि वैद्यकाला हे नीट कळून आता चार-पाच दशकं होत आली.

जुनाट म्हणजे किती? आठवड्यातून निदान तीन रात्री, सलग तीन महिने किंवा जास्त, आणि त्यापायी दिवसाही त्रास. परीक्षेच्या आदल्या रात्रीचं किंवा लग्नघरातलं जागरण यात येत नाही.

न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ साली या दुखण्याची मांडणी तीन प्रकारच्या कारणांत केली. पहिली कारणं प्रकृतीतली. कुणी मुळातच सावध झोपेचं, कुणी चटकन काळजीत पडणारं. दुसरी कारणं ठिणगी टाकणारी: आजारपण, बदली, बाळंतपण, कोर्टकचेरी, मृत्यू. तिसरी कारणं दुखणं चालू ठेवणारी. स्पीलमन यांचं म्हणणं असं की, निद्रानाश जसजसा जुना होतो तसतसा ठिणगीचा वाटा उतरत जातो आणि चालू ठेवणाऱ्या कारणांचा वाटा चढत जातो. वर्ष-दोन वर्षांनी परिस्थिती अशी होते की, ज्यामुळे झोप उडाली ते केव्हाच संपलेलं असतं आणि झोप मात्र उडालेलीच असते.

साताऱ्याचा माझा मामेभाऊ, आमचा दादा, याचा नमुनाच होता. मामांचं हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा तो बरेच दिवस हॉस्पिटलच्या बाकावर बसून रात्री काढत होता. त्या काळात झोप उडाली यात नवल काहीच नाही. पुढे मामा खडखडीत बरे झाले, सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत फिरून यायला लागले, रात्री पूर्वीसारखे घोरायलाही लागले. दादाची झोप काही परत आली नाही. दोन वर्षं घरातली सगळी मंडळी तिचं मूळ शोधत होती. मनात काही सलतंय का? ऑफिसात काही झालंय का? पत्रिका दाखवून झाली. मूळ सगळ्यांना माहीत होतं, आणि ते सापडून उपयोग काहीच नव्हता, कारण तिथे आता काही उरलंच नव्हतं.

त्याच्या रात्री कशा चालतात ते समजायला झोप मुळात कशी चालते ते थोडं पाहायला हवं. झुरिकचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडलेलं चित्र आजही प्रमाण मानलं जातं. झोप दोन गोष्टींनी ठरते. एक, झोपेची ओढ. जाग आल्या क्षणापासून ती साठायला लागते आणि झोपलं की उतरते. जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं, आणि या ओढीशी त्याचा जवळचा संबंध आहे. चहा-कॉफीतलं कॅफीन अ‍ॅडिनोसिनच्या जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी येते. साधारण पाच तासांनी त्यातलं निम्मं उतरतं. संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री अकराला अंगात असतं म्हणायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट शरीरातलं घड्याळ. ते दिवसरात्रीच्या चक्राप्रमाणे ठरावीक वेळी जागं ठेवतं आणि ठरावीक वेळी झोपेला वाट करून देतं. हे घड्याळ आपल्या मर्जीने फारसं हलत नाही. १९३८ साली झोपेच्या संशोधनातले आद्य पुरुष नॅथॅनियल क्लाइटमन आपल्या एका विद्यार्थ्याबरोबर अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या मॅमथ गुहेत उतरले आणि ३२ दिवस तिथे राहिले. सूर्यप्रकाश नाही, तापमान कायम एकसारखं. तिथे त्यांनी दिवस २८ तासांचा ठरवून पाहिला. तरुण विद्यार्थ्याचं शरीर त्या दिवसाशी जुळलं, चाळिशीतल्या क्लाइटमन यांचं मात्र चोवीस तासांनाच चिकटून राहिलं. या घड्याळाची पेशीतली यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. रोज सकाळचा उजेड आणि उठण्याची ठरलेली वेळ, या दोन गोष्टींनी हे घड्याळ लावलेलं राहतं.

आता दादाचे उपाय या दोन गोष्टींपुढे ठेवून पाहावेत. रात्री नीट झोप झाली नाही म्हणून तो दुसऱ्या दिवशी साडेनऊलाच अंथरुणात शिरायचा. त्या वेळी ना ओढ पुरेशी साठलेली, ना घड्याळ झोपेच्या वेळेला आलेलं. मग दोन तास या कुशीवरून त्या कुशीवर. रविवारी नऊपर्यंत लोळायचा, म्हणजे रविवारी रात्री पुन्हा ओढ कमी आणि घड्याळ पुढे ढकललेलं. सोमवारची भीती मनात असायची ती निराळीच. सुट्टीच्या दिवशी जेवणानंतर तासभर झोप काढायची, म्हणजे रात्रीसाठी साठवलेल्यातला मोठा वाटा दुपारीच संपला. साडेपाच तासांची झोप तो नऊ तासांच्या अंथरुणावर पसरत होता. दोन माणसांच्या वरणात पाणी घालून चौघांना वाढलं की जे होतं तेच झालं, पुरलं सगळ्यांना आणि चव कुणालाच लागली नाही. पातळ झालेली झोप जागोजागी तुटते. रात्री दोनला जी जाग येते तिचं एक कारण हेही असतं.

याहून चमत्कारिक गोष्ट अंथरुणाची. निद्रानाशाचे रुग्ण हमखास एक तक्रार करतात आणि घरच्यांना ती खोटी वाटते. टीव्हीसमोर खुर्चीत मान टाकून पेंगतो, बातम्या चालू असतात, तोंडही उघडं असतं. बायको उठवते, ‘आत जाऊन झोपा’. आत जाऊन पाठ टेकली, दिवा मालवला, की डोळे लख्ख. हे नाटक नाही. रिचर्ड बूटझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली याचा उलगडा केला आणि त्यावर उपचारही बसवला. महिनोन्‌महिने ज्या जागेवर माणूस जागा राहिला, चरफडला, हिशेब करत बसला, ती जागा शरीराला जागं राहण्याचीच खूण होऊन बसते. खुर्चीवर असला कसलाच इतिहास नसतो, म्हणून तिथे झोप बिनधास्त येते. बूटझिन यांचे नियम साधे आणि थोडे जाचक आहेत. डोळे जड झाल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही. अंथरुणात वाचन, मोबाइल, जेवण, बिलांचे हिशेब काही नाही. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं आणि पेंग आली की परत यायचं, मग असं रात्रीतून कितीही वेळा करावं लागो. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठण्याची वेळ तीच. दुपारची झोप बंद. (वन रूम किचनमध्ये दुसरी खोली कुठून आणायची, हा प्रश्न बूटझिन यांना पडला नसावा. आपल्याकडे गादी सोडून भिंतीशी खुर्ची टाकून बसलं तरी काम भागतं.)

तिसरी अडचण प्रयत्नाची. नोकरी, अभ्यास, व्यायाम यांत जोर लावला की फळ मिळतं, म्हणून आपण झोपेलाही तोच न्याय लावतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. चांगली झोप लागणाऱ्या माणसांना रात्री लष्करी बँडचं संगीत ऐकत झोपायला सांगितलं. काहींना सूचना होती, जितक्या लवकर झोपता येईल तितक्या लवकर झोपा. बाकीच्यांना, वाटेल तेव्हा झोपा. लवकर झोपण्याची खटपट करणाऱ्यांना जास्त वेळ लागला. झोप येतेय का हे तपासत राहणारं मन स्वतःच जागं असतं, आणि तेवढं पुरतं. घड्याळ पाहणं हा याच तपासणीचा प्रकार. पावणेदोन वाजले, आता लागली तरी पावणेपाच तास मिळतील. अडीच वाजले, चार तास. उद्या अकराला मीटिंग आहे. गणित अगदी बरोबर असतं आणि ते केल्यामुळेच जाग वाढते. व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल असल्या रुग्णांना उलटंच करायला सांगत: अंथरुणावर पडा, दिवा मालवा आणि जागं राहण्याचा प्रयत्न करा. झोपेमागचं धावणं थांबतं आणि बऱ्याच जणांना ती येते. ही युक्ती पुढे चाचण्यांत तपासली गेली आणि निद्रानाशाच्या मान्य उपचारांमध्ये तिला जागा मिळाली. तिचा उपयोग सगळ्यांना सारखा होत नाही, पण जो माणूस झोपेशी हातघाईवर आला आहे त्याला तिच्यातला विनोदही बरं वाटवून जातो.

या सगळ्यावरचा सर्वांत परिणामकारक आणि ऐकायला सर्वांत वेडगळ उपाय स्पीलमन यांचाच. झोप कमी पडत असेल तर अंथरुणातला वेळ कमी करा. १९८७च्या त्यांच्या अभ्यासात ३५ रुग्ण होते आणि त्यांचं दुखणं सरासरी १५ वर्षांचं होतं. आठ आठवड्यांत बहुतेकांना स्पष्ट फरक पडला.

दादा पुण्याच्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे गेला तेव्हा त्यांनी पहिल्या भेटीत उपाय सांगितलाच नाही. दोन आठवडे वहीत नोंद ठेवायला सांगितली: अंथरुणावर किती वाजता, झोप अंदाजे किती वाजता, मध्ये किती वेळ जाग, शेवटी उठणं किती वाजता. घड्याळ पाहायचं नाही, सकाळी चहा पिताना अंदाजाने लिहायचं. वहीतून निघालं ते असं. अंथरुणावर साडेनऊ. झोप साडेअकराच्या सुमाराला. मध्यरात्री दोन ते साडेतीन जाग. उठणं साडेसहा. म्हणजे अंथरुणात नऊ तास, झोप साडेपाच, शंभरातले एकसष्ट. नीट झोपणाऱ्या माणसाचे हे गुण पंच्याऐंशीच्या वर असतात. बाईंनी सांगितलं, उठायची वेळ साडेसहाच ठेवा आणि सध्या मिळते तेवढीच झोप अंथरुणात घ्या. साडेसहातून साडेपाच वजा केले की रात्रीचा एक वाजतो. एकच्या आधी गादीला पाठ लावायची नाही.

वहिनींना हे काही पटेना. “अहो, झोप येत नाही म्हणून तुम्ही त्यांच्याकडे गेलात, आणि त्या तुम्हाला रात्री एकपर्यंत जागं ठेवतायत? आणि वर फी घेतायत?”

अकरानंतरचे दोन तास सर्वांत कठीण असतात हे दादाला पहिल्याच रात्री कळलं. वाचायला बसलं की पेंग येते, टीव्ही लावला की पोरं जागी होतात. त्याने इस्त्री काढली. मुलांचे गणवेश, स्वतःचे शर्ट, मग उशांचे अभ्रेसुद्धा. ते संपल्यावर माळ्यावरचा डबा काढून खिळे आणि स्क्रू वेगळे करत बसला. एक वाजता अंथरुणावर पडला तर आधीच्या सवयीने पुन्हा तासभर जागाच. उठून बाहेरच्या खोलीत बसला, परत आला. पहिला आठवडा वाईट गेला. दिवसा डोळे चुरचुरायचे, चिडचिड व्हायची, ऑफिसला जाताना त्याने स्कूटर घरी ठेवली आणि एसटी धरली. ही सावधगिरी बाईंनीच बजावून सांगितलेली होती आणि ती सगळ्यांनी घ्यावी अशीच आहे, कारण या दिवसांत खरोखर झोप येत असते, फक्त अवेळी. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस वहीत पाच तास पाच मिनिटं आली, साडेपाचपैकी. मध्यरात्रीची जाग होती, पण काही मिनिटांची. आठवड्याची सरासरी नव्वदच्या वर गेल्यावर बाईंनी पंधरा मिनिटं वाढवून दिली, पाऊण वाजता झोपायची परवानगी. पुढे दर आठवड्याला गुण टिकले तर आणखी पंधरा मिनिटं, पडले तर पंधरा मिनिटं कापायची. दोन-अडीच महिन्यांत वेळ बाराला येऊन थांबली.

हे का चालतं ते आता सांगायला नको. रात्री एकपर्यंत ओढ इतकी साठते की अंथरुणाची जुनी भीती तिच्यापुढे टिकत नाही. पडल्या पडल्या झोप लागते, हे काही रात्री झालं की गादी पुन्हा झोपेची खूण होते. आणि मनातला हिशेब उलटतो. ‘आज लागेल का’ हा प्रश्न जाऊन ‘एक कधी वाजतोय’ हा प्रश्न येतो.

स्वतःवर हा प्रयोग करण्याआधी काही गोष्टी मात्र पाहायलाच हव्यात. जोरात घोरणं, झोपेत मध्येच श्वास अडकणं आणि आठ तास झोपूनही दिवसभर गुंगी, हे स्लीप अ‍ॅप्नियाचं लक्षण असू शकतं आणि त्याचा उपचार पूर्ण वेगळा आहे. संध्याकाळ झाली की पायांत अस्वस्थ वळवळ होत असेल तर रक्तातलं लोह तपासावं लागतं. थायरॉइड, दमा, जुनं दुखणं, नैराश्य यांतही झोप जाते. अपस्मार किंवा उन्माद-नैराश्याचा आजार असलेल्यांनी, आणि ट्रक-बस चालवणाऱ्यांनी किंवा उंचावर, यंत्रावर काम करणाऱ्यांनी झोप कापण्याचा उपाय डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये. पाच तासांच्या खाली तर कुणीच जाऊ नये.

गोळीबद्दल दोन शब्द. बेंझोडायझेपाइन वर्गातली औषधं १९६०च्या दशकात बाजारात आली, आणि तीव्र प्रसंगी काही रात्रींपुरती ती उपयोगी आहेत. अडचण पुढे होते. शरीर सरावतं, मात्रा वाढते, आणि एकदम बंद केली की झोप आधीपेक्षा वाईट होते. माणूस म्हणतो, ‘बघा, गोळीशिवाय मला झोपच नाही’. ती गोळी सोडल्याची प्रतिक्रिया असते, पण त्याला तो पुरावा वाटतो आणि तो पुन्हा मेडिकलच्या पायऱ्या चढतो. एकदम बंद करणं धोक्याचंही आहे, कधी फेफरंसुद्धा येतं. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच उतरवायची असते. दारूचं गणित याहून सरळ आहे, ती झोप लवकर आणते आणि उत्तररात्र मोडते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली स्पष्ट सांगितलं की प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नसून वर सांगितलेल्या उपायांचा एकत्रित कार्यक्रम असावा. त्याला सीबीटी-आय म्हणतात आणि तो साधारण चार ते आठ बैठकींत होतो. युरोपातल्या निद्रातज्ज्ञांनी २०१७ साली हेच म्हटलं.

काळज्या घेऊन अंथरुणावर येणाऱ्यांसाठी त्या कार्यक्रमात आणखी एक भाग असतो: काळजीला संध्याकाळची ठरावीक वेळ देणं आणि ती कागदावर उतरवणं. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात २०१८ साली झालेल्या एका छोट्या प्रयोगात झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. यादी जितकी तपशिलाची तितकी झोप लवकर. आपल्याकडच्या गृहिणींना हे नवं नाही, दूधवाल्याची चिठ्ठी फ्रिजवर अडकवल्याशिवाय ज्या झोपत नाहीत त्यांना प्रयोगशाळेची गरज नव्हती.

या उपचारातला सर्वांत बोलका आकडा मात्र वेगळा आहे. २०१५ साली वीस चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले. उपचार संपताना झोप लागायचा वेळ सरासरी १९ मिनिटांनी कमी झाला होता. मध्यरात्री जागं राहण्याचा वेळ २६ मिनिटांनी. आणि एकूण झोप किती वाढली? जेमतेम आठ मिनिटं. माणसं बरी झाली ती जास्त झोपून नव्हे. जागेपणाशी चाललेली झटापट संपली, म्हणून ती बरी झाली. आठ तासांचा जो आकडा आपण सगळ्यांच्या डोक्यावर ठेवला आहे, तो या बाबतीत मला अपकारकच वाटतो. कुणाला सात पुरतात, कुणाला साडेसहा, आणि हातातल्या पट्ट्यावर झोपेचे गुण वाचून दिवसभर खंतावणारी नवी जमात तर उपायांच्या यादीतली ताजी भर आहे.

झोपेचं हे उदाहरण मी इतकं लांबवलं, कारण चिवट वैयक्तिक अडचणींतल्या पुष्कळांची घडण अशीच असते आणि इतकी स्वच्छ मोजून ती क्वचितच दाखवता येते. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे काम करणाऱ्या पॉल वॉट्झलाविक, जॉन वीकलँड आणि रिचर्ड फिश यांनी १९७४ साली हीच गोष्ट मोठ्या पटावर मांडली होती: अडचण टिकून राहते ती बहुधा तिच्यावर केलेल्या उपायांमुळे. कंबर धरली की सक्तीने पडून राहायचं, हा एके काळी डॉक्टरांचाही सल्ला होता. १९९५ साली हेलसिंकीत झालेल्या चाचणीत दिसलं की जे जमेल तितके नेहमीचे व्यवहार करत राहिले ते, पडून राहणाऱ्यांपेक्षा लवकर सुधारले. लिफ्टमध्ये एकदा जीव घाबरा झालेला माणूस जिने चढायला लागतो. त्या दिवसापुरतं बरं वाटतं, आणि लिफ्टमध्ये काहीच होत नाही हे कळायची संधी कायमची जाते. पुढे बोगदा, मग गर्दीची लोकल, मग नाट्यगृहातली मधली खुर्ची.

चालढकलीचंही तसंच. आळस हे तिचं नाव आपण ठेवलं आहे, पण या विषयावर काम करणाऱ्या फ्युशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल यांनी २०१३ साली मांडलं की माणूस काम टाळत नसतो, त्या कामापाशी येणारी नकोशी भावना टाळत असतो. प्रबंधाची फाइल उघडली की पोटात गोळा येतो. फाइल बंद करून कपाट आवरलं की तो लगेच उतरतो. त्या सुटकेचीच सवय लागते. मग जो उपाय लोक करतात, स्वतःला शिव्या देणं आणि उद्यापासून रोज सहा तासांचं वेळापत्रक आखणं, त्याने फाइलीपाशी येणारा गोळा आणखी मोठा होतो.

म्हणून अशा कुठल्याही अडचणीत ‘हे मला का झालं’ या प्रश्नावर रात्री घालवण्यापेक्षा एक दुसरा, काहीसा रुक्ष प्रश्न अधिक कामाचा असतो: यासाठी मी रोज काय काय करतो? ते वहीत उतरवायचं, निदान दोन आठवडे, आणि प्रत्येक गोष्टीपुढे दोन रकाने ठेवायचे, त्या दिवशी बरं वाटलं का आणि महिन्याभराने काय झालं. पहिल्या रकान्यात ‘हो’ आणि दुसऱ्यात ‘वाईट’ असं जिथे येईल, तिथे हात घालावा. सगळ्याच अडचणी अशा सुटत नाहीत. कर्जाचं, हिंसक नवऱ्याचं किंवा पगार न होण्याचं दुःख वहीने जात नाही. तिथे ठिणगी विझलेलीच नसते, आणि अशा माणसाला ‘तुझे उपायच चुकतायत’ म्हणणं हा निव्वळ कोडगेपणा ठरेल.

दादा आता सहा तासांच्या आसपास झोपतो, दोन वर्षांपूर्वीपेक्षा फार जास्त नाही. मध्येच एखादी रात्र जाते. तसं झालं तर काय करायचं हे त्याला आधीच शिकवलेलं आहे: लवकर झोपायचं नाही, उशिरा उठायचं नाही, दुपारी आडवं व्हायचं नाही. गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नात त्याच्या दोन रात्री गेल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फोन केला तर म्हणाला, “अरे, साडेनऊलाच गादी बोलावतेय. पण बाराच्या आत जायचं नाही, म्हणून बसलोय.” वहिनींनी लग्नातल्या सगळ्या साड्या त्याच्यासाठी इस्त्रीला काढून ठेवल्या होत्या.